वानखेडेंच्या हातातली डिस्क

भूतबित मी मानत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही हसाल... मी याद्या करून काम करणारी बाई आहे.

रायपूरला शंकर नगरमधल्या एका रक्तपेढीचा सर्व्हर मी सांभाळते. माझा नियम साधा — डेटाबेसच्या फाईल एका डिस्कवर, लॉग, म्हणजे झालेल्या बदलांची नोंद, दुसरीवर, बॅकअप तिसरीवर. "मॅडम, भाजी अन् वरण एकाच डब्यात ठेवलं तं काय बिघडते?" असं आमचे टेक्निशियन वानखेडे भाऊ चिडवायचे.

मागच्या उन्हाळ्यात मी रजेवर असताना, जागा कमी पडते म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांनी तिसरी डिस्क दुसऱ्या कामाला घेतली आणि बॅकअप डेटाच्याच डिस्कवर टाकला. मी परतले त्याच दुपारी ती डिस्क गेली! लॉगची शाबूत होती, पण मूळ डेटाशिवाय नुसत्या लॉगचं काय करणार?

तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन — बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, बॉम्बे ब्लड ग्रुप. असे दाते शहरात मोजकेच, आणि त्यांचे नंबर त्याच डिस्कवर.

परत लावून पाहावी म्हणून वानखेडे भाऊंनी सर्व्हरच्या खणातून डिस्क ओढली. मी सवयीने स्क्रीन रिफ्रेश केली — डी ड्राइव्ह, म्हणजे तीच गेलेली डिस्क, हजर! बॅकअपचं फोल्डरसुद्धा. मी लगेच कॉपी सुरू केली.

"बरं झालं भाऊ, लागली एकदाची."

"कुठं लागली? हे पाहा न... माह्या हातातच हाये!"

मी वळले. खण रिकामा. डिस्क त्यांच्या तळहातावर, एकही वायर नाही. आणि स्क्रीनवर कॉपीची हिरवी पट्टी पुढे सरकत होती...

"खाली ठेवू का?"

"नका! हलूसुद्धा नका!"

ते तसेच उभे राहिले. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसला नाही. कॉपी पूर्ण झाली — आणि डी ड्राइव्ह स्क्रीनवरून नाहीसा झाला.

बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवला. गुढियारीतल्या एका दात्याचा नंबर मिळाला. "हव दीदी, आवत हंव," एवढंच बोलून तो निघाला. बाळंतीण वाचली.

डिस्क नंतर दुरुस्तीवाल्याला दाखवली. मोटर पार जाम, काहीच वाचता येणार नाही, म्हणाला. सर्व्हरच्या मेमरीत काही उरलं असेल म्हणावं, तर एवढी मोठी फाईल तिथे मावतच नाही. मला अजून कारण सापडलेलं नाही.

हे मी वानखेडे भाऊंना चहा पिताना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मॅडम, तवा बोललो नाई, तुमी घाबरल्या असत्या... माह्या हातात ते डिस्क फिरून राहिली होती."