साडूभाऊंची काच

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात माशीवरून नातेवाईक तोडणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, याचा राग माझ्या मनात लग्नापासून आहे. प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, राहणार सिडको. वाघ, साप, गेला बाजार फुलपाखरू तरी धरावं. यांनी धरली खिडकीच्या काचेवरची माशी! काळी, कुबड आलेली, तिळाहून जराशी मोठी. तिला उडायचाही कंटाळा, नुसती काचेवर चालत राहते. "हिच्या वंशावर कुणी धड काम केलेलं नाही!" हे ते माझ्यावर असे ओरडतात, जणू ते काम मीच अडवून ठेवलंय. एकदा चहा पिताना मी पेपरची गुंडाळी उचलली, नुसती उचलली हो, तर त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला. "हिची अळी धान्यातल्या किडीच्या अळ्या खाते. तुम्ही काय करता?" मी बँकेत होतो, ते त्यांना पुरेसं वाटलं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत तर घरात युद्धच. आमच्या सासुरवाडीहून, निफाडहून आलेल्या बेदाण्यांचे डबे ज्या खिडकीत, ती खिडकी पुसायची नाही. एका वर्षी ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीने, ती ओल्या फडक्याने लख्ख केली, तर या गृहस्थांनी भाऊबीजेपर्यंत चकलीला हात लावला नाही.

"माझं संशोधन पुसलंस तू!"

"कसलं संशोधन? घाण होती ती!"

यंदा साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेली. त्यात सोसायटीवाल्यांनी न विचारता घरोघर औषध फवारलं. माझा इतका संताप झाला की मी त्यांच्या सेक्रेटरीशी भांडून आलो, आणि तेही माश्यांसाठी! फराळ घेऊन गेलो तेव्हा सगळं घर चकचकीत, ती एक काच तेवढी धुळीने माखलेली. "माश्या नाहीत म्हटलं की हे जेवत नाहीत," ताई स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या आणि ताट घेऊन त्यांच्या खुर्चीशी बसल्या.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"दोन. एक वरच्या कोपऱ्यात," ताई म्हणाल्या.

"उडत नाही ना?"

"नाही हो, चालतेय."

काचेवर एकही माशी नव्हती. मी तोंड उघडलं, तशी ताईंनी डोळे वटारले.

"तीन आहेत, साडूभाऊ," मी म्हणालो.

"तीन? नीट बघा! बँकेत असंच मोजत होतात का?" ते खेकसले आणि त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.

त्यांचं ते खेकसणं ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी चष्मा पुसला आणि त्या रिकाम्या काचेवर पुन्हा मोजायला लागलो.