दुखत नसलेले दिवस

पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा मी शहापूरला एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते. लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचे, दुपारी काउंटरमागे बसून डबा खायचा आणि संध्याकाळी जीपनं आटगावकडच्या आमच्या गावी परतायचं. नवरा पडघ्याच्या एका गोदामात सुपरवायझर होता. घरी सासू आणि नणंद. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते.

नणंद तेव्हा विशीची असेल. तिला सिकलसेल होता. लग्नाच्या बोलण्यात मला एवढंच सांगितलं होतं की, पोरीला रक्ताचं दुखणं आहे, गोळ्या चालू आहेत. ती घरी ब्लाउज शिवायची. माप घेताना बायकांना तोंडावर म्हणायची, "मावशे, दिवाळीपासून दोन बोटं वाढलीस गो." बायका हसायच्या आणि पुढचं कापड तिच्याकडेच आणायच्या. थंडीत मात्र तिचं दुखणं उसळायचं. मग कापड मशीनवर अर्धं शिवलेलं तसंच राहायचं आणि ती भिंतीकडे तोंड करून, गोधडीचं टोक दातात धरून पडलेली असायची. जास्त झालं की शहापूरच्या दवाखान्यात सलाइन. अशा दोन थंड्या मी पाहिल्या होत्या.

सरकारी दवाखान्यात नाव घालायला गेले तेव्हा बाकीच्या बायकांसारखं माझंही रक्त घेतलं. पुढच्या वेळी नर्सबाईंनी बाजूला बोलावलं. "तुम्ही सिकलसेलच्या वाहक आहात. म्हणजे तुम्हाला आजार नाही, पण तो रक्तात आहे. मिस्टरांना घेऊन या. त्यांचंही तपासायला हवं."

नवरा टाळत राहिला. "मला काय धाड भरलीय? गोणी उचलतो मी," म्हणाला. मी म्हटलं, "तुमच्या बहिणीला आहे. तुमच्यात पण असू शकतं." पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो आपणहून दवाखान्यात आला. तोही वाहक निघाला.

त्या रविवारी मी मुरबाडमार्गे वैशाखऱ्याला, माहेरी गेले. आईला सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. "आपल्याकडं असलं काय नाय," म्हणाली. थोड्या वेळानं तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "तुझ्या आधीचा एक होता ना. हातापायाची बोटं सुजायची त्याची. रडरड रडायचा. मुरबाडच्या डाक्टरला दाखवला, भगत केला, अंगारा लावला. चार वर्षांचा होऊन गेला." असा एक भाऊ होता हे मला माहीत होतं. तो तापानं गेला, असं आम्हाला सांगितलेलं. आमच्या घरातही हे दुखणं होतं, फक्त त्याला कुणी नाव दिलेलं नव्हतं.

दवाखान्यानं आम्हाला मुंबईच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या समुपदेशक बाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. सर्दीनं त्यांचा आवाज बसला होता आणि मधूनमधून त्या थर्मासमधलं गरम पाणी पीत होत्या. घाई मात्र त्यांनी अजिबात केली नाही. दोघंही वाहक असलात तर प्रत्येक खेपेला चारातली एक शक्यता की बाळाला आजार असेल, असं त्यांनी सांगितलं. नवऱ्यानं विचारलं, "म्हणजे पहिल्याला झाला तर पुढच्या तिघांना नाय ना होणार?" त्या म्हणाल्या, "नाही, तसं नसतं. दर वेळी नव्यानं तेवढीच शक्यता."

मग तपासणीचं सांगितलं. पोटातून सुई घालून वारेचा बारीकसा तुकडा घेतात. तिसरा महिना सरायच्या सुमारास. त्यात गर्भ पडण्याचा थोडा धोका असतो. तपासणी नको असेल तरी चालेल, मग बाळ जन्मल्यावर त्याचं रक्त तपासायचं आणि आजार असलाच तर पहिल्यापासून औषधं चालू करायची. आणि तपासणीत आजार निघाला, तर गर्भ ठेवायचा की नाही हे आम्हीच ठरवायचं.

"तुमी आमच्या जागी असता तर काय केलं असतं?" नवऱ्यानं विचारलं.

"ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तर तुम्ही तेच कराल. आणि घरी जाऊन त्या निर्णयाबरोबर राहायचं तुम्हाला आहे."

नवऱ्याला हे आवडलं नाही. येताना गाडीत तो चिडचिड करत होता. एवढ्या लांब बोलावलं आणि शेवटी आपल्यावरच टाकलं, म्हणत होता. मला मात्र बरं वाटलं होतं.

घरी सासूला सांगितलं तेव्हा नणंद शेजारी माप घ्यायला गेली होती. सासू म्हणाली, "टेस कर. मी काढलंय सगळं. तू नको काढूस." ज्या लेकीला लहानपणी खांद्यावर घेऊन ती नदी ओलांडून दवाखान्यात चालत गेली होती, त्या लेकीबद्दल ती हे बोलत होती. बोलून झाल्यावर तिनं डोळ्यांना पदर लावला.

नणंदेला कसं सांगायचं, हा प्रश्न तिनंच सोडवला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "वहिनी, पोटातलं माझ्यासारखं हाय का, तेच बघायला गेलतात ना?"

मी हो म्हटलं.

"आणि असलं तर?"

"ठरवलं नाही अजून."

तिनं हातातली शेंग टोपलीत टाकली. "सगळ्यांना विचारलंत. नर्सला, मुंबईच्या बाईला, आईला. मला कुणी विचारलं नाय. ह्या घरात हा आजार मला हाय ना?"

तिचं खरं होतं. मी म्हटलं, "मग आता सांग. कसं असतं ते?"

तिनं सांगितलं. दाढ ठणकते तसं, पण मांडीच्या हाडाच्या आत. हात लावून कुठं दुखतं ते दाखवता येत नाही. कधी दोन दिवस, कधी आठवडा. सलाइन लावलं तरी लगेच थांबत नाही. दहावीचा एक पेपर तिनं तसाच दिला होता, वर्गात कुणाला कळू न देता. मी ऐकत राहिले. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "पण दुखत नसतं ते दिवसच जास्त असतात, वहिनी. त्या दिवसांचं कुणी विचारत नाय."

त्या दिवसांचं मीही काही विचारलं नाही.

आम्ही तपासणी केली. सुईपेक्षा नंतरची वाट बघणं अवघड गेलं. दुकानात अर्ज भरताना लोकांच्या जन्मतारखा चुकायला लागल्या. निकाल घ्यायला दोघं गेलो. समुपदेशक बाईंनी आधी आम्हाला बसवलं आणि मगच सांगितलं. बाळाला आजार होता.

नवरा म्हणाला, "तू सांगशील ते." पण त्याला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. मी चार दिवस मागून घेतले. त्या दिवसांत नणंद मशीनवर बसलेली असायची, मोबाइलवर गाणी लावून, मोठ्यानं सूर चुकवत. मी तिच्याकडे बघून ठरवायचे की ठेवायचं. मग भिंतीकडे तोंड केलेली ती आठवायची. कधी आईनं सांगितलेली ती सुजलेली बोटं आठवायची. शेवटी मी नको म्हटलं. ते माझं मी ठरवलं, कुणी लादलं नाही, हे मी आजही सांगते.

नणंदेला कळलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढलं तर घ्यायची, बस्स. हॉस्पिटलात भरती व्हायचं होतं आणि बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नाहीत. सासू यायला निघाली. तेवढ्यात नणंद कपडे भरलेली पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "तू राहा, आई. मी जाते. मला हॉस्पिटलाची सवय हाय."

वॉर्डात तिनं मला चादर बदलून दिली, पाणी गरम करून आणलं, नर्सशी भांडून जास्तीची उशी मिळवली. औषधानं कळा सुरू झाल्या तेव्हा माझा हात धरून बसली. सगळं उरकल्यावर मी रडायला लागले. ती म्हणाली, "मला सॉरी म्हणू नको. मला राग आलाय, तो जाईल तेव्हा जाईल. आता चहा पी."

राग जायला बरेच महिने लागले. भांडण असं झालं नाही. फक्त दुखायला लागलं की ती मला हाक मारायची नाही, आईला मारायची. एका थंडीत तिनं परत मला हाक मारली, "वहिनी, पाय दाब गो," आणि मी दाबत बसले.

दुसऱ्या खेपेला पुन्हा तीच तपासणी केली. त्या समुपदेशक बाई अजून तिथंच होत्या. मुलगी झाली. ती वाहक आहे, आमच्यासारखीच. आता बालवाडीत जाते. आत्या सासरी जाईपर्यंत तिच्या मशीनखालच्या चिंध्या गोळा करून बाहुल्यांना गुंडाळायचा तिला नाद होता.

नणंदेला मागच्या साली मुरबाडकडचं स्थळ आलं. पोहे द्यायच्या आधीच तिनं मुलाला सगळ्यांसमोर सांगितलं, "मला सिकलसेल हाय. तुमी आधी रक्त तपासून या, मग बोलू." सासूनं कपाळाला हात लावला. मुलाकडचे चहा पिऊन गेले. आम्हाला वाटलं, झालं, संपलं. पण मुलगा आला परत. एकटाच, मोटरसायकलवर. त्याच्या रक्तात काही नव्हतं. लग्न झालं.

त्यांना मुलं झाली तर ती वाहक होतील, आजारी नाही. हे तिला माहीत आहे, पण तिच्या स्वतःच्या तब्येतीला बाळंतपण जड जाईल, असं डॉक्टर म्हणतात. तिनं अजून ठरवलेलं नाही. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "मुंबईच्या त्या बाईचा टाइम घेऊन दे ना. तू पण ये." मी म्हटलं, "येते, पण मी आत बसून काही बोलणार नाही." ती म्हणाली, "बोल की. मी विचारीन तुला."