कागदावर न आलेला नकार

कपात ती साखर आधी घालायची, चहा मग. तोंडात सुपारी असली की कुणाशी बोलायची नाही. दुसऱ्या बाईच्या मळ्यात शिरण्याआधी बांधावर थांबून खाकरायची. भाषांतर करताना डोळे मिटायची. चप्पल मात्र कायम हातात.

लुसिया तावारे गेल्या मंगळवारी गेली. चार दिवसांचा ताप. ती माझ्या आईच्या वयाची. मी तिला मावशी म्हणायचे, पण ती माझी मैत्रीण होती. हे ‘होती’ अजून लिहवत नाही.

बोगनव्हिल बेटावरच्या डोंगरातल्या आमच्या गावात ती खाण कंपनीची दुभाषी होती. आमच्याकडे जमीन आईकडून मुलीकडे जाते. म्हणून कंपनीच्या साहेबानं बायकांची सभा बोलावली. जेवण झालं. साहेबानं नकाशा पसरला. "खाणीचा गाळ ओढ्याकाठी टाकू. कुणाची हरकत?"

मावशीनं शब्द न् शब्द सांगितला. बायका गप्प बसल्या.

पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं आमच्या गावात वाईट. नकार दुसऱ्या दिवशी मधल्या माणसाकरवी पोचवायचा. मावशीनं सकाळी घरोघरी जाऊन तो गोळा केला. पण साहेबाचं हेलिकॉप्टर आदल्या संध्याकाळीच गेलं होतं. सभेच्या कागदावर त्यानं लिहिलं होतं, ‘हरकत नाही.’

ती कंपनीच्या कचेरीत गेली.

"सभेत का नाही बोललात?" साहेब म्हणाला.

"तुम्ही आमच्याकडे जेवला होतात."

तो हसला. मग म्हणाला, तीन आठवड्यांत काठावरच्या प्रत्येक मालकिणीचा लेखी अर्ज हवा, चारही हद्दींसकट. एकीचा जरी अपुरा राहिला, तरी तिच्या जमिनीपासून गाळ टाकायला सुरुवात होईल.

मावशीनं नोकरी तिथंच सोडली. मला म्हणाली, "शहरात जाऊन कविता शिकलीस ना? चल, आता गाळावर लिही."

आम्ही मळ्यामळ्यातून फिरलो. अर्ज मी लिहायचे. हद्दी मात्र तीच लिहायची. त्या कुळाबाहेर सांगत नाहीत, आणि मी दुसऱ्या कुळातली. हद्दीची वेळ आली की मी उठून लांब जायचे.

सगळ्यात शेवटी म्हातारी केवोआना. ती अर्जाला हात लावेना.

"पाहुण्याला नाही म्हणायचं, तेही लिहून? माझी आई वरून थुंकेल माझ्यावर."

"वरून कुठली? ती ओढ्याकाठी पुरलीय. वर गाळ पडला की थुंकायचीही सोय राहणार नाही तिची."

केवोआना खूप हसली. मग म्हणाली, "घे लिहून."

मी लांब जाऊन बसले. थोड्या वेळानं मावशी आली, थरथरत होती. "अंग तापलंय गं. राहिलेलं सोमवारी करू."

त्या कुळात लिहिता येणारी ती एकटीच होती.

केवोआनाचा अर्ज माझ्याकडे आहे, दुमडलेला; मी तो उघडलेला नाही. पूर्व, दक्षिण, पश्चिम मावशीच्या अक्षरात भरलेल्या आहेत, असं केवोआना सांगते. उत्तरेपुढची जागा कोरी आहे. मुदत शुक्रवारी संपते.