पान एकशे बाराकडे: हडपसर ते अप्पा बळवंत चौक

या ब्लॉगवर मी एरवी गडकिल्ल्यांबद्दल लिहिते. यावेळी पुण्यातल्या पुण्यातच जाऊन आले, पण एवढी धाकधूक कुठला कडा चढतानाही झाली नव्हती.

आमचे हे, निवृत्त प्राध्यापक, अकरा वर्षं एका पुस्तकावर काम करत होते. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला विलायतेतला एक गाजलेला कादंबरीकार, त्याचा संसार आणि मुलंबाळं असा विषय. गृहस्थाने दहा मुलं झाल्यावर बायकोला वेगळं काढलं. त्याआधी दोघांच्या खोल्यांमधलं दार फळ्या ठोकून बंद केलं, आणि वर वर्तमानपत्रात निवेदन छापलं! ह्यांनी हाताने लिहायचं, मी कॉम्प्युटरवर उतरवायचं. एके ठिकाणी ह्यांनी लिहिलं होतं, "आई म्हणून ती कमी पडली." माझं डोकंच फिरलं. त्या वाक्याच्या जागी मी टाइप केलं, "दहा बाळंतपणांत तिला झोप तरी मिळाली का, हे कोणी विचारलं नाही." ह्यांना काही बोलले नाही.

मुद्रितं ह्यांनी स्वतःच तपासली. प्रस्तावना मला दाखवली नाही. "छापल्यावर वाच," एवढंच. आणि तीन आठवड्यांपासून हे हॉलमध्ये झोपतात, मधलं दार लावून! कारण काय, तर मी घोरते. चोराच्या मनात चांदणं; मला वाटलं, मुद्रितांत माझं वाक्य ह्यांना सापडलं. मला त्या दारावर फळ्याच दिसायला लागल्या.

पुस्तक दुकानात आल्याचं कळलं आणि मी निघालेच. हडपसरहून स्वारगेटची बस घ्या, सकाळी दहानंतर बसायला मिळतं. स्वारगेटहून मंडईपर्यंत मेट्रोचं एकच स्टेशन. वर येऊन दगडूशेठला बाहेरूनच हात जोडले, म्हटलं, बाप्पा, निवेदन नको. तिथून अप्पा बळवंत चौकातलं पुस्तकाचं दुकान चालत दहा मिनिटं. एकच्या आत पोचा, नाहीतर शटर बघून परत.

मी काउंटरवरच प्रस्तावना शोधायला लागले.

"बाई, पुस्तक विकायला ठेवलंय," दुकानदार म्हणाले. "वाचायला घर आहे ना?"

विकत घेतलं. सदाशिव पेठेत एका अमृततुल्यमध्ये चहा सांगितला आणि प्रस्तावना उघडली. ग्रंथपाल, मुद्रक, मित्र, सगळ्यांचे आभार. शेवटी लिहिलं होतं: "पान एकशे बारावरचं एक वाक्य माझं नाही, माझ्या पत्नीचं आहे. मुद्रितं तपासताना ते दोनदा माझ्या लक्षात आलं. दोनदा ठेवलं."

चहावर साय धरली तरी मी त्या ओळींकडेच बघत होते. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

घरी आले तर हे दारातच.

"कुठे गेली होतीस?"

"मंडईत."

"भाजी तर दिसत नाही."

मी पुस्तक पुढे केलं. हे जरा चपापले. मग म्हणाले, "बदलायचं होतं तर विचारायचं."

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हटलं असतं."

"आणि हॉलमध्ये का झोपता?"

"घोरतेस म्हणून. सांगितलं ना!"

तीन आठवडे माझा जीव टांगणीला लागला होता, आणि हा माणूस सरळ खरं बोलत होता. त्या विलायतेतल्या बाईसाठी मात्र अजून वाईट वाटतं. तिच्या घरात तिचं एक वाक्य ठेवणारं कोणी नव्हतं.

मधलं दार मी आता उघडं ठेवते. घोरणं ऐकू गेलं तर जाऊ दे.