गाठीला उपाशी ठेवणारे आप्पा

निपाणीत आप्पांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. दिवस कलला की समोर गिऱ्हाईक असो वा जावई, आप्पा उठून आत जेवायला जायचे. सूर्य बुडायच्या आत जेवण उरकलं पाहिजे, हा त्यांच्या जैन घराचा शिरस्ता. "तोंड ताब्यात पायजे, बाकीचं अंग आपोआप ऐकतंय," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. जेवणाबरोबर शुगरची गोळी, तीही कित्येक वर्षं न चुकता.

मी त्यांच्या शेजारची. पुढे बेळगावात कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले, त्याचा आप्पांना माझ्या वडिलांपेक्षा जास्त अभिमान. म्हणून यकृतात कर्करोगाची गाठ निघाली तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, "सुमन, दारूचा थेंब न्हाय, निपाणीत ऱ्हाऊन तंबाखूला शिवलो न्हाय, आनि लिव्हर कसं गं नासलं?" शुगरचाही त्यात हात असतो, हे मला सांगावं लागलं.

काहीतरी बरं सांगावं म्हणून मी नुकतंच वाचलेलं सांगून टाकलं. त्यांचीच ती गोळी, मेटफॉर्मिन, प्रयोगशाळेत यकृताच्या कर्करोगाच्या पेशींना आवर घालताना दिसते. पेशीला ऊर्जा तयार करणं जड जातं, आपण उपाशी आहोत असं समजून ती वाढायची थांबते. हे काचेच्या बशीतलं, माणसांत अजून ठरायचंय, हेही म्हटलं; पण शेवटी, घाईत, चहा पिता पिता.

"म्हंजे गाठीला उपाशी ठिवायचं," आप्पा म्हणाले.

"तसंच काहीसं," मी हसून म्हटलं. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की पुढे काही बोलवेना.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिनाभर चांगलं खा, अंगात ताकद आली की औषधं सुरू करू. आठ दिवसांनी त्यांच्या सुनेचा, पद्मावहिनींचा, फोन आला. "आप्पा एकभुक्त करायल्यात. बस्तीत जाऊन नेम घेतलाय. कसला, ते सांगंनात." दिवसातून एकदाच जेवायचं, आणि तेही बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवासमोर ठरवलेलं, मोडा म्हणून त्या घरात कोण सांगणार? मलाही वाटलं, आजारपणात माणूस देवाकडे वळतो. एवढी शिकलेली मी, पण डोक्यात प्रकाश पडला नाही.

महिन्यानं डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं आणि औषधं द्यायला नकार दिला. या अंगाला ती सोसणार नाहीत, म्हणाले. मी निपाणीला धावले. आप्पांच्या हाताची नुसती काटकी झाली होती. वहिनी पाणी आणायला आत गेल्या तसे ते हळूच म्हणाले, "गाठीला उपाशी मारायलोय बघ. तू सांगितल्यापास्नं."

मला रडू आवरेना. "आप्पा, गाठ उपाशी राहत नाही हो. तुम्हीच राहताय. माझं चुकलं. जेवा, तुमच्या पाया पडते."

"आता खाल्लेलं ऱ्हात न्हाय गं पोटात." मग माझीच समजूत काढत त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "घरात कुनाला बोलू नगंस. तुला बोल लावतील."

पंधरा दिवसांत आप्पा गेले. वहिनी अजून भेटल्या की म्हणतात, "शेवटपतोर तुमचंच कौतुक. शिकल्याली पोरगी धावून आली, म्हनायचे." मी गप्प बसते. आप्पांनी सांगितलंय म्हणून, असं मनाला बजावते. खरं म्हणजे मला धीर होत नाही.