तिरडीचा विसावा

अंबरनाथच्या कारखान्यातल्या कोंडाजींनी १९५३ साली बदलापुरात जमीन घेतली. खोल्या बांधून भाडं खायचं, असा बेत. "बुडालं तरी चूल पेटली पाहिजे," म्हणत बायकोने, अंजनीने, निम्मी पुंजी दाबून ठेवली. कोंडाजी हसले. जमीन विकणारा चांगो रोज त्यांच्याच डब्यात जेवणारा दोस्त होता.

खोल्या उठल्या. भाडेकरूंआधी पाहुणा आला, तोही तिरडीवरून. मसणात जाताना तिरडी टेकवून खांदे बदलायची गावाची जागा नेमकी कोंडाजींच्या दारात होती. आता तिथे भाड्याने कोण राहणार? खांदेकऱ्यांत पुढे चांगोच होता.

"तुला ठाऊक होतं?"

"गावान सगल्यांनाच ठाव हाय, दादा. तू कवा इचारलंस?"

अंजनीच्या निम्म्या पैशांवर चूल पेटत राहिली. कोंडाजींचा डबा मात्र सवयीने दोघांचा भरला जाई, आणि निम्मा परत येई.