अमीनच्या नावाचं रजिस्टर पत्र

यज्ञेश्वर पटवर्धन पेठेतल्या पोस्टात रजिस्टरच्या खिडकीवर एकवीस वर्षं बसला आणि एकवीस वर्षांत त्याने एकाही माणसावर विश्वास ठेवला नाही. लाखेचं सील तो नखाने खरवडून बघायचा. ओळखीची म्हातारी आली तरी "नाव तुमचंच ना?" म्हणून दोनदा विचारायचा. बायको म्हणायची, "लग्नात अंतरपाटाखालून वाकून बघितलंत, मुलगी तीच आहे ना म्हणून!" ते काही खोटं नव्हतं.

१९८१ साली पोस्टाच्या दारात कॉलेजची पोरं उभी राहू लागली, तेव्हा या गृहस्थाला आयतंच खाद्य मिळालं. पोरांच्या हातात फलक आणि पत्र्याचे डबे. खडकीच्या अमीन नावाच्या तरुणाला पोलिसांनी चौकशीला नेलं, त्याला पाच महिने झाले होते. दुसऱ्याच दिवशी सोडला, असं पोलिस सांगत. सुटून आलेला एक कैदी मात्र म्हणत होता, परजिल्ह्यातल्या तुरुंगात मी त्याला पाहिला. पोरांना वकिलासाठी पैसे हवे होते आणि अर्जावर सह्या.

"वर्गणीचं पीक जोरात आहे," यज्ञेश्वर त्यांची पुढारी उल्का हिला म्हणाला. "संध्याकाळी डबे कुठल्या हॉटेलात फोडता?"

"या की काका मोजायला."

"वेळ आहे, विश्वास नाही. हा अमीन मुळात आहे कशावरून?"

"ही त्याची आई आहे म्हणून," उल्काने शेजारच्या बाईकडे बोट केलं. मदिनाबी दोन्ही हातांनी डबा धरून उभी होती.

यज्ञेश्वरने तिलाही वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आया काय, भाड्यानेही मिळतात, असं त्याच्या मनात आलं. असल्या मनाची कीव करावी तेवढी थोडी.

पोरांचं पितळ उघडं पाडायचंच, असं त्याने ठरवलं. "घोषणा पुरे," तो म्हणाला. "त्या तुरुंगाच्या पत्त्यावर अमीनच्या नावाने रजिस्टर पत्र टाका, पोचपावतीसकट. माणूस नसेल तर पत्र परत येईल आणि तुमचा तमाशा बंद. साहेब लोक वाटेल ते बोलतात, पण कारकून समोर आलेल्या कागदाची पोच दिल्याशिवाय राहत नाही."

पत्र गेलं. पाठवणाऱ्याचा पत्ता उल्काचा, त्याच पेठेतला. रोज सकाळी पोस्टमनच्या आधी यज्ञेश्वर आलेला गठ्ठा उलगडून बघायचा. पत्र परत आल्यावर उल्काला काय टोमणा मारायचा, तेही त्याने ठरवून ठेवलं होतं.

अठराव्या दिवशी पत्र नाही, पोचपावती आली. तुरुंगाचा गोल शिक्का, तारीख गेल्या आठवड्यातली. शाईचा अंगठा आणि त्याखाली कुणा कारकुनाने नेटकं लिहिलेलं: 'कैदी अमीन याचा अंगठा, समक्ष.'

म्हणजे पोरं खरं बोलत होती. यज्ञेश्वरला स्वतःची लाज वाटली. कामाच्या वेळात खिडकी सोडून तो प्रथमच दाराशी आला.

"बाई, तुमचा मुलगा जिवंत आहे," त्याने मदिनाबीला सांगितलं.

पोरांनी टाळ्या पिटल्या. उल्का तर रडायलाच लागली. मदिनाबीने पोचपावती डोळ्यांजवळ धरली आणि शाईच्या ठशावर बोट ठेवलं.

"साहेब, हे काय आहे?"

"अंगठा. पत्र मिळाल्याची खूण."

"अंगठा कशाला?" मदिनाबीचा आवाज चिरकला. "माझा अमीन दुकानांचे बोर्ड रंगवतो, साहेब. त्याच्या अक्षरासाठी लोक लांबून येतात. सही का नाही केली त्यानं? काय केलं त्याच्या हाताला?"

टाळ्या थांबल्या. जगाला प्रश्न विचारणारा यज्ञेश्वर आत गेला. त्याने कोरा कागद घेतला आणि तुरुंगाधिकाऱ्याच्या नावाने दोन ओळी लिहिल्या: कैदी अमीन याला लिहिता येते. त्याने सही का केली नाही, ते कळवावे. पाठवणाऱ्याच्या जागी त्याने आपलं पूर्ण नाव घातलं, घरच्या पत्त्यासकट.

उल्का खिडकीतून वाचत होती. "काका, तुम्ही सरकारी नोकर. नोकरी जाईल."

"आधी पोच तर येऊ दे," तो म्हणाला आणि पाकिटाला गोंद लावू लागला.